काल देखेल शे

"ही चूक ओळखता का, मॅडम?"

मुख्याध्यापक पितांबर सरांनी कागद पुढे सरकवला. ज्योत्स्नाने त्यावर नुसती नजर टाकली. तेवढी पुरली.

निनावी पत्र होतं, मोठ्या सुट्या अक्षरांत, इंग्रजीतून, थेट संस्थेच्या अध्यक्षांना. दोंडाईचा रस्त्यावरच्या या निवासी शाळेतलं मुलांचं दूध वसतिगृहाचे अधीक्षक रतिलालभाऊ कॅन भरभरून बाहेर पाठवतात, असा मजकूर. रतिलालभाऊंच्या हाती लागलं तरी त्यांना वाचता येऊ नये, एवढी काळजी लिहिणाऱ्याने घेतली होती. शेवटचं वाक्य होतं, 'आय हॅव सीन इट यस्टरडे.'

"काल म्हटल्यावर हॅव कसलं? ही मोठ्या माणसाची चूक नाही," सर म्हणाले. "दहावीतलंच कोणीतरी आहे."

"निम्मा वर्ग असंच लिहितो, सर."

"रतिलालभाऊ ममताचं नाव घेताहेत. स्वयंपाकघराच्या खिडकीशी तीच उभी असते म्हणे. अध्यक्षांचा दोनदा फोन आला. उद्या पहिल्या तासाला चाचणी घेऊ. जो हॅव लिहील, त्याचा दाखला त्याच्या हातात."

ज्योत्स्ना बाहेर आली. ती तासिका तत्त्वावरची इंग्रजीची शिक्षिका. जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही, तेही अध्यक्षांच्याच हाती. पण आत्ता तिला जून दिसत नव्हता, ममता दिसत होती. सातपुड्याच्या पायथ्याच्या कुवरसिंगची ही पोर. तिच्या पाड्यावरची एकही मुलगी अजून दहावीला बसलेली नव्हती.

संध्याकाळी तिने अख्खा वर्ग बसवला. फळ्यावर तेच एक वाक्य.

"मॅडम, आम्ही तर म्हणतस, मी काल देखेल शे," ममता म्हणाली. "त्यात 'शे' शे ना? मंग हॅव का नै?"

पोरं हसली. ज्योत्स्नाला हसू आलं नाही.

"तुझं 'शे' म्हणजे 'आहे', ते चुकीचं नाही गं. पण इंग्रजी फार हट्टी. कालचा दिवस संपला, त्याचं दार लागलं. लागलेल्या दाराआड हॅव जात नाही. काल आला की काय?"

"नुसतं सॉ!"

"पुन्हा."

जेवणाची घंटा होईपर्यंत तिने घोकून घेतलं. उठता उठता ममताने विचारलं, "मॅडम, आमच्या वह्या कधी देशात? आठ दिवस व्हयनात."

"देते," ज्योत्स्ना म्हणाली आणि फळा पुसायला वळली. पुसून झालेला फळा तिने पुन्हा पुसला.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी चाचणी चालू असताना ती बाकांमधून नुसती येरझारा घालत राहिली. ममताजवळ दोनदा थांबली. दोन्ही वेळा तिला वाकून पाहायचा धीर झाला नाही.

मधल्या सुट्टीत सरांनी बोलावलं. समोर अडतीस कागद होते.

"एकही हॅव नाही," सर म्हणाले. "एकही! तुमचं कौतुकच करायला हवं."

ज्योत्स्ना खुर्चीत बसली. कालपासून पहिल्यांदाच तिने पुरता श्वास घेतला. ममता वाचली होती.

"पण हे काल संध्याकाळचं शिकवणं झालं," सर पुढे म्हणाले. "म्हणून मी तुमच्या कपाटातून आधीच्या वह्या काढल्या."

त्यांनी ममताची वही उघडली. आठव्या पानावर वाक्य होतं, 'आय हॅव सीन इट यस्टरडे.' पत्र शेजारी ठेवलं. शब्दाला शब्द.

"मलाही बरं वाटत नाही," सर खाली मान घालून म्हणाले. "पोर हुशार आहे. पण दाखला लिहायलाच हवा. तुम्हीच सांगा, हे वाक्य तिचं नाही का?"

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. खिडकीबाहेर ममता मैत्रिणींना हात नाचवत सांगत होती, "काल उनं का नुसतं सॉ!"

"वाक्य ममताचंच आहे, सर," ज्योत्स्ना म्हणाली. "तिच्या वहीतून मी उचललं. पत्र माझं."