घोड्याचा मागचा पाय

घोड्याचा मागचा पाय तिसऱ्यांदा बिघडला. सुनेने तो खोडला, कागदावरची रबराची भुकटी फुंकली आणि आतल्या खोलीकडे कान दिला. सासरे घोरत होते. तीन वाजले होते. चारला प्रकाशक बाई येणार होत्या आणि पुस्तकातलं हे शेवटचं चित्र होतं.

सकाळी सासऱ्यांनी पेन्सिलीने अख्खा उधळलेला घोडा काढला होता. मान अशी, की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं. मागचा पाय मात्र थेट टेबलाचा!

सासरे म्हणजे साधी असामी नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी थिएटरवर लागणारी पोस्टरं रंगवली. नटीचा एक डोळा काढायला त्यांना शिडी लागायची, आणि तो डोळा बघत जाणारे सायकलवाले एकमेकांवर आदळायचे. हाताने रंगवलेली पोस्टरं बंद झाल्यावर ते मुलांच्या पुस्तकांकडे वळले. दोन हात लांब नाक काढणारा माणूस नखाएवढा उंदीर काढू लागला, आणि उंदराच्या मिशीतही तोच रुबाब. त्यांच्या पेन्सिलीच्या चित्रांसाठी लोक पुस्तकं विकत घ्यायचे.

सुनेला त्यांचं फार कौतुक होतं. लग्नाआधी ती एका दुकानात कापडावर भरतकामाचे नमुने काढून द्यायची. ते कळल्यावर सासऱ्यांनी एकदा तिच्या हातात पेन्सिल दिली होती. "छे हो बाबा, मला कुठलं जमतंय," म्हणत ती स्वयंपाकघरात पळाली होती.

तीन वर्षांपूर्वी आजारातून उठल्यावर सासऱ्यांचा हात थरथरायला लागला. चित्रातली किटली वाकडी आली. बाईंनी ती पाहिली तर पुढचं काम जाईल, या धास्तीने सुनेने गुपचूप रेघ सरळ केली. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग तो रोजचाच उद्योग झाला. सासरे जेवून आडवे झाले की ही भरतकामाच्या डब्यातून रबर काढून टेबलाशी बसायची.

दुखणं मात्र वाढत चाललं होतं. पहिल्या वर्षी नुसती भांडी वाकडी यायची. पुढच्या वर्षी झाडं, मग माणसांचे हात. आता जनावरांची पाळी आली होती. डॉक्टरांचं नाव काढलं की सासरे हसण्यावारी न्यायचे. दाढीसुद्धा अजून वस्तऱ्यानेच करायचे, हट्टी माणूस!

तिला भीती एकच होती. "माझ्या रेघेला दुसऱ्याचा हात लागला, की मी पेन्सिल खाली ठेवली," असं ते नेहमी म्हणत. पेन्सिल सुटली तर हा माणूस फार दिवस टिकणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

साडेतीन झाले. शेवटी तिने कागद सोडला आणि चक्क फरशीवर हातापायांवर उभी राहिली. एक टाच उचलली, मग आणखी उचलली, आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. घोड्याचा मागे वाकलेला सांधा गुडघा नव्हताच. ती टाच होती. घोडा जन्मभर चवड्यांवर उभा असतो! ती उठली आणि एका दमात पाय काढून मोकळी झाली.

चारला बाई आल्या. "अगं बाई, हा तर कागदावरून उडी मारणार!" त्या म्हणाल्या. "काका, पुढचं पुस्तक साठ चित्रांचं आहे. सगळे घोडेच घोडे. घ्याल ना?"

सासऱ्यांनी चित्र हातात घेतलं आणि मागच्या पायावरून अंगठा फिरवला. तिथे कागद खोडून खोडून खरखरीत झाला होता.

"याला दुसऱ्याचा हात लागलाय," ते म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

सून पुढे धावली. "बाबा, चुकलं माझं. पुन्हा टेबलाला शिवणार नाही. पण पेन्सिल ठेवू नका हो!"

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. पेन्सिल पुन्हा उचलली, बाईंनी आणलेलं कागदी पाकीट पालथं केलं आणि एकदाही हात न उचलता चारही पाय हवेत असलेला घोडा काढला. रेघ कुठे म्हणून हलली नाही. सून त्यांच्या हाताकडे बघत राहिली. मग तिची नजर त्यांच्या गुळगुळीत हनुवटीवर गेली. तीन वर्षांत तिथे एक ओरखडा नव्हता.

"हात दोन महिन्यांतच बरा झाला होता, सूनबाई. पण किटली तू माझ्यापेक्षा चांगली काढलीस. शिकवतो म्हटलं असतं, तर पुन्हा पळाली असतीस. आता रोज दुपारी खोटं घोरायचा कंटाळा आलाय मला."

त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली आणि ते बाईंकडे वळले.

"पुढचं पुस्तक हिचं. भांडी, झाडं, माणसांचे हात हिला कधीच जमले होते. घोड्याचा पाय तेवढा राहिला होता."