बारावी चूक

सेवकराम गुरुजींनी त्या पत्राला कधीच उत्तर दिलं नव्हतं. आज रीताने लॅपटॉपवर बोट ठेवून एक ओळ वाचली, आणि ते पत्र त्यांना आठवलं.

“करडी मोठ्या बायाईची शारा,” रीता म्हणाली. “महिन्याभरात एकोणीस वेळा, गुरुजी. हे शब्द टाकून कोणीतरी आपल्या वेबसाइटवर येते, पाहते आणि परत जाते. कारण असं काही आपण लिहिलंच नाही.”

गुरुजींनी चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. शारा.

करडी गावच्या शाळेत सतरा मुलं उरली होती. शोधणाऱ्याला शाळा सापडावी म्हणून हेडबाईंनी भंडाऱ्याच्या रीताला वेबसाइट करायला सांगितलं होतं आणि मजकूर लिहायला निवृत्त गुरुजींना. रीता अशाच लहान शाळांची, संस्थांची कामं करायची. दर दुसऱ्या शनिवारी ती एसटीने यायची आणि शाळेमागच्या घरात, गुरुजींच्या ओसरीवर लॅपटॉप उघडायची.

पहिल्याच दिवशी तिने गुरुजींचा अर्धा मजकूर कापला होता. “‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासार्थ’ असं कोणी शोधते का, गुरुजी? लोक जसं बोलतात तसंच शोधतात.” गुरुजींनी कापू दिलं होतं. आपण जन्मभर कोणाला नको असलेली वाक्यं लिहिली की काय, अशी शंका त्यांना तशीही होतीच. तरी एका अनुस्वारासाठी त्या दिवशी ते तासभर भांडले होते.

रीनाची आई चहा घेऊन आली; बायकोला गुरुजी लेकीच्या नावानेच हाक मारायचे. “पोरी, पाहाय कसे वाचून राहिले. जसे काही पेपरच तपासून राहिले!”

रीता हसली. “काकू, तुम्ही पाहिली का वेबसाइट? रीनाताईनं नागपूरहून मोबाइल धाडला ना तुम्हाले?”

“मले का समजते त्यातलं? मी अंगठेवाली.” कप ठेवून ती आत गेली.

गुरुजींनी मान खाली घातली. बँकेत ती अंगठा लावायची तेव्हा लोक गुरुजींच्या तोंडाकडे पाहून हसायचे. गुरुजींनी तिला कधी काही विचारलं नव्हतं.

ते पत्र एकेचाळीस वर्षांपूर्वी आलं होतं. गुरुजी तेव्हा नुकतेच मास्तर झाले होते. साकोलीकडच्या एका खेड्यातून आलेलं आंतर्देशीय, वाकडी, ठसठशीत अक्षरं: *मास्तर, मले चवथीतून काढलं. तुमच्या गावी आली तं मोठ्या बायाईले शारेत बसू देता का? मले पुढं शिकाचं हाये. जिजा.*

त्यांनी ते तीनदा वाचलं. मग हात सवयीने लाल पेनाकडे गेला. शारेतला ‘र’ खोडून त्यांनी वर ‘ळ’ लिहिला. ‘हाये’ खोडलं. एकूण अकरा चुका निघाल्या. आकडा कोपऱ्यात लिहून झाल्यावर त्यांना भान आलं आणि कानशिलं तापली. शुद्ध, सुंदर उत्तर लिहायचं ठरवून त्यांनी पत्र एका पुस्तकात ठेवलं. रोज मायना लिहायचे, फाडायचे. त्याच उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं आणि उत्तर राहूनच गेलं.

लग्नानंतर वर्षभराने त्यांनी पुस्तक उघडलं, तेव्हा पत्राची घडी उलटी होती; कोणीतरी ते उघडून पाहिलं होतं. त्यानंतर जिजाच्या हातचं एक अक्षरही त्यांना पुन्हा दिसलं नाही. ते एक अक्षर दिसावं, एवढंच त्यांना वाटत राहिलं.

“शोधणारं कोण, ते कळतं का?” गुरुजींनी विचारलं.

“नाव नाही कळत. पण बोलून शोधलं नाही, एवढं मी सांगते. बोललं असतं तर मोबाइलनं आपल्याच मनानं ‘शाळा’ करून टाकलं असतं. कोणीतरी एकेक अक्षर दाबून लिहून राहिलं. तेही एकोणीस वेळा!”

गुरुजींनी आतल्या दाराकडे पाहिलं. चहावर साय धरली.

“त्याच नावाचं पान कर,” ते म्हणाले. “दुपारी दोन ते चार. वर्ग हेडबाई देतील, शिकवीन मी.”

“‘मोठ्या बायांची शाळा’ लिहू ना?”

“नको. आहे तसंच लिही. शारा.”

रीताने त्यांच्याकडे पाहिलं. “गुरुजी, तब्येत बरी आहे ना तुमची?”

पान चढलं. रीता म्हणाली, “आता वाट पाहाची. गूगलवर दिसाले आठवडा लागते, कधी दोन.” आणि ती एसटीसाठी निघाली.

वाट पाहण्याचं गुरुजींना काही वाटत नव्हतं. पण पत्र पोस्टाने आलं होतं, तर उत्तरही पोस्टानेच जायला हवं. त्यांनी निळा पेन घेतला. या वेळी कागद फाडला नाही.

*बसू देतो. पुढच्या सोमवारपासून यावे. अकरा चुका मी मोजल्या, त्या चुका नव्हत्या. बारावी माझी होती, ती मोजली नाही. सेवकराम.*

टोपी घालून ते उठले.

“अवो, एवढ्या उनात कुठी चालले?” रीनाची आई दारात आली. मोबाइल तिने पदराखाली घेतला.

“पोस्टात.”

“आता कोनाले लिहिता तुमी पत्र?”

“एक उत्तर राहिलं होतं.”

ती चौकट धरून उभी राहिली. काही बोलली नाही. तेही बोलले नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना नेमकं हेच जमलं होतं.

पोस्टाच्या लाल पेटीपाशी त्यांनी पाकीट गुडघ्यावर धरलं, पत्ता लिहिला आणि आत सोडलं:

सौ. जिजा सेवकराम गभने, शाळेमागचं घर, करडी.