जानूचा उजवा हात

"वहिनी, ते ताट काढा. स्टीलला लागला की हा सुरू होतो," जानू म्हणाला.

कौसल्येने ताट हलवलं नाही. जानूचा हात कारखान्यातल्या प्रेसखाली गेला, तेव्हा कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून त्याला हा यांत्रिक हात दिला होता. कामगारांच्या हातमोज्यांनी वर्षानुवर्षं टिपलेल्या हालचालींवरून तो शिकवलेला होता. आता तो ताटावर ठोकत होता. तीनदा, मग थांबून दोनदा. पाळीवरून आलेला तिचा नवरा भिकाजी घराचं दार असंच वाजवायचा.

तसाच हातमोजा घालून स्टीलची टाकी धुवायला उतरलेला भिकाजी वायूने क्षणात गेला, असं कंपनीने लिहून दिलं होतं.

"किती वेळ चालतं हे?"

"पाऊण तास. मग आपोआप थांबतो."

"भावोजी, उद्या कोर्टात साक्षीला याल?"

"हात कंपनीचा आहे, वहिनी. काढून घेतील." तो खाली बघत राहिला. "पोरीची वेणी घालतो मी याने."

तिने पुन्हा विचारलं नाही. दोघं ऐकत बसली. ठोके हळू होत गेले. शेवटी तीन ठोके पडले आणि पुढचे दोन आलेच नाहीत.

जानूने खांद्याचा पट्टा सोडला आणि हात तिच्या ओटीत ठेवला.