बाहुल्यांचे डोळे

चॉकलेटच्या साच्यात डोळे आधी रंगवायचे आणि पांढरं चॉकलेट मागाहून ओतायचं. नंतर लावलेला रंग धरत नाही. उष्टावणाच्या ऑर्डरच्या बाहुल्या फ्रिजमध्ये घट्ट झाल्या, तेव्हा माझ्या लक्षात आलं, डोळे राहूनच गेले. पुन्हा ओतायला वेळ नव्हता.

मी साचा उलटा करून ठोकला. प्रत्येक बाहुलीला डोळे होते, आणि तेही घारे.

“तुम्ही काढलेत?” मी जाऊबाईंना विचारलं.

“मी कशाला काढू? आपल्याकडे डोळ्यांना फक्त काळा रंग आहे.” त्यांनी एक बाहुली उजेडात धरली. “पण छान दिसतायत. देऊन टाक.”

संध्याकाळी ऑर्डर न्यायला, जिचं उष्टावण होतं त्या मुलीची आई तिला कडेवर घेऊनच आली. मुलीचे डोळे काळेभोर होते. आईने डब्याचं झाकण उघडलं आणि ती बघतच राहिली.

“तुम्हाला कुणी सांगितलं?” ती हळूच म्हणाली. “घारे डोळे आमच्या थोरलीचे होते. ती जाऊन वर्ष झालं.”

मी डबा परत घ्यायला हात पुढे केला. तिने तो दिला नाही.

डबा भरताना बाहुल्या सरळ समोर बघत होत्या. आता त्या सगळ्या कडेवरच्या मुलीकडे बघत होत्या.