एकतिसाव्यांदा

हर्षलाचा जबडा दोन बोटांपलीकडे उघडत नव्हता. गळ्यावर बोलटिकली लावल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, तिनं तोंडातून शब्द काढलाच नव्हता. मनात आलं की टिकली बोलायची. सगळ्यांचंच तसं. जेवणही आता पातळच असायचं.

दाताच्या डॉक्टरांनी दातांवर पट्टी बसवली आणि स्नायूंच्या व्यायामासाठी शहनाजबाईंकडे पाठवलं. त्या चक्क तोंडानं बोलत होत्या.

"पट्टीनं सांध्याला आराम पडेल हो, पण स्नायू काम विसरलेत त्याचं काय? जीभ टाळ्याला चिकटवायची आणि झटक्यात सोडायची. टॉक! दिवसाला तीस वेळा. जास्त नको, ठणका लागेल. आणि तेवढा वेळ टिकली काढून ठेवा."

घरी तिची चौदा महिन्यांची चिमी सतरंजीवर बसली होती. गुणाची पोर, हूं की चूं करत नाही, असं सगळे कौतुक करायचे. आई बोलू लागली की ती आईच्या गळ्याकडे बघायची. तोंड कशासाठी असतं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

हर्षलानं टिकली उतरवली. टॉक.

चिमीची नजर गळ्यावरून वर सरकली आणि तोंडावर थांबली. बराच वेळ थांबली. मग तिनंही इवलंसं तोंड उघडलं, जीभ वळवळवली, आणि पहिल्यांदाच आवाज फुटला. लाळेनं भिजलेला, बोबडा.

तीस वेळा पुरे झाले. जबडा ठणकत होता. चिमी आईच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.

हर्षलानं पुन्हा जीभ टाळ्याला लावली.