चार बोटं खाली

ओटा चुकला. पण घरात हे अजून कुणीच मोठ्याने म्हटलेलं नाही, तेव्हा चुकला नाही असं धरून पुढे जाऊ.

बायको चौदा वर्षं लाकडी ठोकळ्यावर उभी राहून स्वयंपाक करत होती. जुना ओटा आधीच्या घरमालकाच्या उंचीचा होता आणि ती स्वतःच्या उंचीची. ठोकळ्यावरून दोनदा पडली. दुसऱ्यांदा हातात उकळतं पातेलं होतं. मग नवा ओटा ठरला. गवंड्याने मजुरी सांगितली. नवरा म्हणाला, “आपला हात जगन्नाथ.”

गवंडी जाता जाता एवढंच फुकट सांगून गेला, की ओटा कोपराच्या चार बोटं खाली हवा. कुणाच्या कोपराच्या, ते सांगितलं नाही. त्याचे बहुधा पैसे पडत होते.

रविवारी नवरा स्वयंपाकघरात ताठ उभा राहिला. कोपर वाकवला. चार बोटं सोडली. टेप जमिनीला टेकली. आकडा मोठ्याने वाचला गेला. चाळीस इंच.

विटा रचल्या. दोन मेव्हण्यांच्या कमरा खर्ची घालून काळा ग्रॅनाइट वर चढला. सिमेंट वाळल्यावर नवऱ्याने मधोमध लिंबू ठेवलं. लिंबू जागचं हललं नाही. नवऱ्याला भरून आलं.

बायको ओट्यापाशी येऊन उभी राहिली. दगडाची कड तिच्या छातीला लागली.

“अगं, ठोकळ्यावर अजून एक ठोकळा ठेव,” सासूबाई म्हणाल्या.

“कशाला आई? ओटा अगदी मापात झालाय.” तिने झारा नवऱ्याच्या हातात दिला. “बघा, कोपर कसा चपखल बसलाय याचा!”

खरंच बसला होता.

याला दोन महिने झाले. पहिला आठवडाभर सगळ्यांनी करपलेलं खाल्लं, तेही कौतुक करत. आता सासूबाई दुसऱ्यांदा वाढून घेतात. बायको रोज गरम जेवते. ठोकळ्यावर तिने कुंडी ठेवली आहे.

काल फ्रिजवर एक अर्ज चिकटलेला दिसला.

“महोदया, माझी पाठ, कंबर व कोपर यांची काहीही तक्रार नाही. तथापि, माप घेतेवेळी टेपचे दुसरे टोक आपणच धरले होते आणि ठोकळ्यावर बसून ‘चाळीस’ हा आकडाही आपणच वाचला होता, ही बाब विचारात घेऊन सदर ओटा सात इंच खाली घेण्यास मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.”