पिक्चर ट्यूब

लहानपणी संघदीपनं टीव्हीला व्हिडिओ गेम जोडला रे जोडला, की त्याचे बाबा वायर उपटायचे. "पिक्चर ट्यूब उडते गेमनं!" असलं काही होत नसतं, हे तो आजही मित्रांना पुराव्यानिशी सांगतो आणि बापाच्या अडाणीपणावर पोट धरून हसतो.

आता चाळिशीत त्यानं मारेगावची सगळी भंगार दुकानं पालथी घालून तसाच डबा टीव्ही मिळवला. जुन्या गेमचं चित्र म्हणे त्याच्यावरच खुलतं! महिनाभर वायरी बदलून, रंग जुळवून त्यानं ते असं काही खुलवलं, की म्हातारे बाबाही खुर्ची ओढून समोर बसले.

"बापू, मले एक डाव खेळू दे ना," ते लेकाला म्हणाले.


संघदीपनं झटकन वायर उपटली. "हात नका लावू बाबा! पिक्चर ट्यूब उडते गेमनं."